खुर्च्या : चाळीस

सेकोंडीच्या शिंपी-संघाची वही माझ्याकडे असते.
निळा पुठ्ठा, कोपरे खाऱ्या हवेनं फुगलेले,
रकाने तीनच : नाव, महिना, सेडी.
माझ्याआधी मिस्टर आमिसा लिहायचे.
त्यांचा सात आणि त्यांचा एक
जुळ्या भावांसारखे,
म्हणून दोन हजार अकराची शिल्लक
आजही आम्हाला नक्की ठाऊक नाही.

महिन्याचे दहा सेडी.
शाळेच्या एका चड्डीची शिलाईसुद्धा नाही.
तरी मी दारात दिसले
की मशीन एकदम जोरात धावू लागतं,
कुणी घाईनं टाचण्या ओठात धरतं.
टाचण्या ओठात असल्या की बोलता येत नाही,
हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत.
"संघ देतो काय?" टाचण्या काढून मग विचारतात.
मी म्हणते, तुझ्या बापाच्या अंत्यविधीला
चारशे सेडी आणि मंडप कुठून आला होता?
मग पाच निघतात. उरलेले शुक्रवारी.
शुक्रवार आमच्या गावापासून फार लांब आहे.

मिस्टर एशून मात्र चोख.
एक तारखेला माझा फोन टुणकन वाजतो, पैसे जमा.
सभासदपत्र त्यांनी काचेत मढवलंय,
आरशाच्या वर, गिऱ्हाइकाला वाचता येईल असं.
बैठकीत त्यांना मी अजून पाहिलेलं नाही.

आणि एवुरामा.
तिच्या नावापुढे एकतीस महिने कोरे.
बोट ठेवून मोजले मी, दोनदा.
पण मेथडिस्ट शाळेमागच्या सभागृहाची किल्ली तिच्याकडे.
पहिल्या बुधवारी ती तासभर आधी येते,
शेळ्यांची घाण झाडते,
चाळीस खुर्च्या मांडते
बावीस माणसांसाठी.
उठताना त्याच चाळीस पुन्हा भिंतीशी रचते,
तेव्हा आम्ही दारात उभे असतो,
"कुणीतरी हात लावायला हवा हिला," म्हणत.

मार्चमध्ये वीज रोज जाऊ लागली.
संघाचा जनरेटर घ्यायचं ठरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
टाळ्यांना पैसे पडत नाहीत.
मग मादाम क्रेन्त्सिल उठल्या, चष्मा लावला,
कलम नऊ वाचलं :
चोवीस महिने वर्गणी थकल्यास नाव कमी.
कुणी एवुरामाकडे बघेना,
सगळे माझ्या वहीकडे.
ती मागं उभी होती, अठरा रिकाम्या खुर्च्यांच्या पलीकडे.
"करा कमी," ती म्हणाली.
पुढं आली, टेबलावर किल्ली ठेवली.
"ही कुणाला देऊ?"

पंखा थांबला. वीज गेली.
अंधारात बराच वेळ
किल्लीचा आवाज आला नाही.

त्या रात्री मेणबत्तीशी बसून
नितंबाच्या वळणाची ती लाकडी पट्टी असते ना,
तिच्या सरळ बाजूनं मी चौथा रकाना आखला.
मथळा सुचला नाही.
एवुरामाच्या ओळीत लिहिलं : खुर्च्या, चाळीस.

हिशेबतपासनीस अँकोमा आले तेव्हा
त्यांचं पेन तिथंच अडलं.
"ही बेरीज सेडीत कशी धरायची?"
माहीत नाही, मी म्हटलं.
"जमा की खर्च?"
तेही माहीत नाही.
त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं, लहानसं, पेन्सिलीनं,
आणि सही केली.

बातमी फुटलीच. दोघेजण आले,
पैशांऐवजी खुर्च्या चालतील का विचारायला.
चालतील की, मी म्हटलं,
बुधवारी तासभर आधी या, झाडू तुमचा आणा.
दोघांनी उभ्या उभ्या दहा-दहा सेडी मोजले.

जनरेटर अजून दुकानात आहे.
सहाशे सत्तर कमी पडतात.
मी पान उलटते, वर लिहिते :
मागील पानावरून पुढे.
आणि सहाशे सत्तरमधल्या साताच्या कमरेवर
एक आडवी रेघ मारते,
माझ्यानंतर जी कुणी बसेल
तिला तो एक वाटू नये म्हणून.